शेवटच्या आठ रकान्यांतील इतिहास

१/ आजचा धागा किल्ले, ताम्रपट वा बखरी यांविषयी नाही. आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर १९७०च्या दशकापासून आजतागायत वापरात असलेल्या आयएसपीएफ या एडिटरविषयी तो आहे. त्यातही विशेषतः, एखादी फाइल बदलली की हा एडिटर जी लहानशी नोंद करून ठेवतो तिच्याविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे : ही नोंद इतिहासाचे साधन आहे, तिचे वाचन साधनचिकित्सेच्या नियमांनीच करावयास हवे, आणि आज ती ज्या सहजतेने पुसली जात आहे त्याविषयी आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बोलावयास हवे.

२/ आधी पार्श्वभूमी. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आणि सरकारी खाती यांचे प्रचंड हिशेब सांभाळणारे मोठे संगणक म्हणजे मेनफ्रेम. त्यांवरील असंख्य प्रोग्राम कोबोल या भाषेत लिहिले गेले. या भाषेची जुळवाजुळव १९५९मध्ये सुरू झाली आणि पहिला अहवाल १९६०मध्ये निघाला. असा एखादा प्रोग्राम वीस-तीस वर्षे चालतो. लिहिणारा निवृत्त होतो, नवी माणसे येतात, कायदे बदलतात, व्याजाचे नियम बदलतात, आणि त्याच मजकुरावर पुनःपुन्हा हात फिरतो. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकांच्या परंपरेशी याचे साम्य उघड आहे.

३/ या एडिटरची रचना समजण्यासाठी पंच कार्डापर्यंत मागे जावे लागते. आयबीएमचे ८० रकान्यांचे कार्ड १९२८चे. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, आणि हजार ओळींचा प्रोग्राम म्हणजे हजार कार्डांचा गठ्ठा. १९५७मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रान भाषा आली, तेव्हा त्या यंत्राचा कार्ड वाचणारा भाग ८०पैकी ७२ रकानेच वाचत असे. उरलेले आठ रकाने, ७३ ते ८०, यंत्राच्या दृष्टीने रिकामे होते. माणसांनी ते आपल्या सोयीसाठी वापरले.

४/ सोय कोणती? क्रमांकाची. गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर विखुरला तर तो पुन्हा लावायचा कसा? प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या आठ रकान्यांत अनुक्रमांक असेल तर वर्गीकरण यंत्र काही वेळात गठ्ठा लावून देई. काही जण गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवत. एखादे कार्ड जागचे हलले की रेघ तुटलेली दिसे. नंतरच्या काळात ‘बदल ओळखण्याची’ जी यंत्रणा उभी राहिली, तिचे मूळ या साध्या काळजीत आहे.

५/ ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. पुढील दशकात कार्डे मागे पडून पडद्यासमोर बसून काम करण्याची पद्धत रुळली, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास आयएसपीएफचा पूर्वावतार असलेला एसपीएफ हा एडिटर आला. कार्ड गेले, तरी ओळ ८० रकान्यांचीच राहिली. शेवटचे आठ रकानेही क्रमांकासाठी राखीव राहिले. साधन बदलले तरी सवय टिकते, हे इतिहासात आपण वारंवार पाहतो. तेच येथेही घडले.

६/ आता नोंदीकडे येऊ. मेनफ्रेमवर फाइली बहुधा लायब्ररीत ठेवतात. एका लायब्ररीत शेकडो मेंबर असतात. प्रत्येक मेंबर म्हणजे एक प्रोग्राम किंवा मजकूर, आणि त्याचे नाव फार तर आठ अक्षरांचे. लायब्ररीच्या आरंभी या नावांची वर्णानुक्रमे सूची असते. या सूचीत प्रत्येक नावापुढे थोडी मोकळी जागा ठेवण्याची सोय मूळ रचनेतच होती. एडिटरने तिच्यातील अवघ्या ३० बाइटांत आपली नोंद बसवली.

७/ या ३० बाइटांत काय मावते? आवृत्ती क्रमांक आणि सुधारणा क्रमांक. मेंबर निर्माण झाल्याची तारीख. शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ. आजची ओळींची संख्या, आरंभीची संख्या आणि बदललेल्या ओळींची संख्या. आणि शेवटी, ज्याने तो मजकूर अखेरचा जतन केला त्याचे संक्षिप्त ओळखनाम. हस्तलिखिताच्या अखेरीस ‘अमक्या शके, अमक्या तिथीस, अमक्याने लिहिले’ अशी पुष्पिका असते. ही नोंद म्हणजे यंत्राने आपणहून लिहिलेली पुष्पिकाच आहे.

८/ एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका मेंबरपुढे असे लिहिले आहे : ०१.३७, निर्मिती १९८६, शेवटचा बदल १९९८, आज ९४० ओळी, आरंभी ६१०. यावरून काय कळते? मजकूर १९८६पासूनचा आहे. पहिल्या आवृत्तीतच तो सदतीस वेळा उघडून बदलला गेला, कारण बदल करून जतन केले की सुधारणा क्रमांक एकेका संपादन-बैठकीमागे एकने वाढतो. निव्वळ वाढ ३३० ओळींची आहे. एकही ओळ न वाचता आपल्याला त्या मजकुराच्या आयुष्याची रूपरेषा मिळते.

९/ याहून सूक्ष्म नोंद ओळीपाशी असते. प्रमाणित क्रमांकन चालू असेल तर शेवटच्या आठ रकान्यांपैकी पहिल्या सहांत ओळीचा क्रमांक असतो आणि अखेरच्या दोनांत, म्हणजे ७९ व ८० या रकान्यांत, ती ओळ कोणत्या सुधारणा क्रमांकाच्या वेळी घातली किंवा बदलली गेली त्याचा अंक असतो. एकाच पानावर ००, १२, ३१, ३७ असे अंक शेजारी-शेजारी दिसतात. उत्खननातील थर जसे एकमेकांवर दिसतात, तसे येथे वेगवेगळ्या काळांचे थर एकाच मजकुरात सलग वाचता येतात.

१०/ क्रमांकांतील अंतरेही बोलकी असतात. क्रमांक सामान्यतः शंभराच्या पटीत दिले जातात : १००, २००, ३००. मध्ये नवी ओळ घातली की तिला दोहोंमधला क्रमांक मिळतो. म्हणून २१० किंवा २२० दिसले की ती ओळ मागाहून आली असे समजावे. आणि ४००नंतर एकदम ७०० आले तर मधल्या दोन ओळी काढून टाकल्या असाव्यात. क्षेपक आणि गळती ओळखण्याची ही जवळजवळ गणिती खूण आहे. मात्र कोणी संपूर्ण मजकुराला नव्याने क्रमांक दिले की ही खूण एका क्षणात नाहीशी होते.

११/ येथपर्यंत या नोंदीचे गुण झाले. आता दोष, आणि ते गंभीर आहेत. ही नोंद बदल झाल्याचे सांगते. काय बदलले ते सांगत नाही. ३१ हा अंक असलेली ओळ तिसाव्या सुधारणेपर्यंत कशी होती, हे कोठेही लिहिलेले नसते. काढून टाकलेल्या ओळीची तर क्रमांकांतील अंतराखेरीज काहीच खूण उरत नाही. आपले जुने लेखक चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. पण हरताळाखालचे अक्षर कधी कधी वाचता येते. येथे तीही सोय नाही.

१२/ नावांचे तसेच. सदतीस सुधारणा सदतीस वेगवेगळ्या व्यक्तींनी केल्या असतील, पण सूचीत ओळखनाम राहते ते फक्त शेवटच्याचे. एखाद्याने एक स्वल्पविराम सुधारून जतन केले तरी आधीच्या माणसाचे नाव पुसून त्याचे नाव बसते. निर्मितीची तारीख टिकते, निर्मात्याचे नाव टिकत नाही. म्हणून ‘हा प्रोग्राम अमक्याचा’ असा निष्कर्ष या रकान्यावरून काढणे म्हणजे पोथीची शेवटची नक्कल करणाऱ्यालाच ग्रंथकर्ता मानण्यासारखे आहे.

१३/ एक गमतीचा अपवाद सांगण्याजोगा आहे. जुन्या पद्धतीच्या लायब्ररीत बदललेला मजकूर जुन्याच्या जागी लिहिला जात नाही. तो पुढच्या मोकळ्या जागेत लिहिला जातो आणि सूचीतील बाण तेवढा नव्या जागेकडे वळवला जातो. जुना मजकूर डिस्कवर अनाथ अवस्थेत तसाच पडून राहतो. लायब्ररी भरली की ती दाबून जागा मोकळी करण्याची क्रिया केली जाते, आणि तेव्हाच तो खऱ्या अर्थाने नष्ट होतो. तोवर योग्य साधन हाती असेल तर तो परत मिळवता येतो. पुराभिलेखागारातील रद्दीच्या गठ्ठ्यांची येथे आठवण होते.

१४/ आता साधनचिकित्सा. सुधारणा क्रमांकाला दोनच अंकांची जागा आहे. तो ९९वर पोहोचला की तेथेच थांबतो. त्यामुळे ०१.९९ याचा अर्थ ‘नव्व्याण्णव बदल’ असा नसून ‘निदान नव्व्याण्णव’ असा घ्यावा लागतो. शिवाय आवृत्ती आणि सुधारणा हे दोन्ही क्रमांक वापरणाऱ्याला आज्ञा देऊन बदलता येतात. नोंद ठेवणे बंद करता येते. तारीख आणि ओळखनाम नव्याने भरण्याची अधिकृत सोयही याच व्यवस्थेत आहे. ही नोंद यंत्राने केलेली असली तरी तेवढ्यावरून ती निःपक्षपाती किंवा अचूक ठरत नाही. बनावट सनदा ओळखताना जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही हवी.

१५/ दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. आयबीएमच्याच व्हीएम या प्रणालीत वेगळी परंपरा होती. तेथे मूळ मजकुराला हातच लावत नसत. ‘अमक्या क्रमांकाची ओळ काढा, अमक्या क्रमांकानंतर या ओळी घाला’ अशा सूचनांची स्वतंत्र फाइल लिहीत, आणि कोणत्या सूचना कोणत्या क्रमाने लावायच्या याची यादी वेगळी ठेवीत. त्या प्रणालीवरील एक्सएडिट या एडिटरमध्ये तुम्ही नेहमीप्रमाणे मजकूर बदलला, तरी तो बदल सूचनांच्या रूपात वेगळा जतन करण्याची सोय होती. मूळ पाठ आणि पाठभेद वेगळे ठेवण्याचीच ही शिस्त होय.

१६/ तिसरा मार्ग बेल लॅब्जमध्ये निघाला. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये एससीसीएस ही प्रणाली रचली. तिचे पहिले रूप आयबीएमच्याच सिस्टिम/३७० या मेनफ्रेमसाठी होते. युनिक्सवरील प्रसिद्धी नंतरची. १९७५मध्ये त्यांनी तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. तिच्यात प्रत्येक बदलाचा मजकूर, कर्ता, वेळ आणि कारण जपले जाई, आणि कोणतीही जुनी आवृत्ती पुन्हा उभी करता येई. म्हणजे संपूर्ण इतिहास जपण्याची कल्पना आयएसपीएफच्या काळातच, त्याच यंत्रांच्या सान्निध्यात अस्तित्वात होती.

१७/ येथे एक रास्त आक्षेप येईल : आयएसपीएफची नोंद मुळात दप्तर म्हणून केलीच नव्हती, ती कामाच्या सोयीची होती, आणि महत्त्वाच्या प्रोग्रामांसाठी कंपन्या पॅनव्हॅलेट, लायब्रेरियन, पुढे एंडेव्हर अशी स्वतंत्र साधने वापरीत. हे खरे आहे. शिवाय २०१३मध्ये आलेल्या झेड/ओएसच्या आवृत्तीत मेंबरच्या जुन्या पिढ्या जपण्याची सोयही झाली. परंतु इतिहासाची उत्तमोत्तम साधने इतिहासासाठी निर्माण झालेली नसतात. जमाखर्चाच्या वह्या, जकातीची टिपणे, शिधापत्रके भविष्यातील संशोधकासाठी कोणी लिहिली नव्हती. म्हणून तर आपण त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

१८/ यंत्राची नोंद अपुरी आहे हे प्रोग्रामरांनाही ठाऊक होते, आणि त्यांनी आपली स्वतःची परंपरा निर्माण केली. कोबोलच्या आरंभी लेखकाचे नाव आणि लेखनाची तारीख लिहिण्यासाठी स्वतंत्र परिच्छेद होते. १९८५च्या प्रमाणकाने ते कालबाह्य ठरवले आणि २००२च्या प्रमाणकातून ते वगळले गेले. तरी लोक प्रोग्रामच्या माथ्यावर टिपणांची वंशावळ लिहीतच राहिले : तारीख, आद्याक्षरे, बदलाचे कारण. जुनी ओळ काढून न टाकता सातव्या रकान्यात तारका घालून ती निष्क्रिय करीत, म्हणजे पुढच्या वाचकाला जुना पाठ दिसे. आणि क्रमांकन बंद असेल तर ७३ ते ८० या रकान्यांत त्या कामाची खूण लिहीत.

१९/ येथे या विषयाचा आपल्याशी असलेला संबंध सुरू होतो. आयबीएमने १९७८मध्ये भारतातून काढता पाय घेतला. परंतु परदेशातील मेनफ्रेमवर काम करणारे प्रोग्रामर याच देशात, आणि मोठ्या संख्येने मुंबई-पुण्यात, घडत राहिले. १९६८मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली होती. १९७३मध्ये अंधेरीला सीप्झ उभे राहिले होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाय-टू-केचे काम आले. वर्षाचे दोनच अंक साठवणारे प्रोग्राम २००० साल उजाडण्यापूर्वी शोधून दुरुस्त करायचे होते, आणि त्यांतले पुष्कळ काम भारतीय कंपन्यांकडे आले.

२०/ ते काम कसे होते याची कल्पना करा. अमेरिकेतील किंवा युरोपातील बँकेचा कोणी एके काळी लिहिलेला प्रोग्राम उघडायचा. जेथे तारीख हाताळली आहे ती प्रत्येक ओळ शोधायची. काही ठिकाणी वर्ष चार अंकी करायचे. काही ठिकाणी ‘अमुक अंकापेक्षा लहान वर्ष असेल तर ते २०००नंतरचे समजावे’ असा नियम घालायचा. जुन्या ओळीपुढे तारका, नव्या ओळीच्या अखेरीस खूण, माथ्यावरील वंशावळीत आपली आद्याक्षरे. मग जतन. सूचीत मागच्या परदेशी माणसाच्या ओळखनामाच्या जागी आपले ओळखनाम, आणि पुढचा मेंबर.

२१/ या श्रमांविषयी लिहिताना आपल्याकडे सहसा उलाढालीचे आकडे आणि कंपन्यांच्या यशोगाथा सांगितल्या जातात. प्रत्यक्ष ओळी कोणी बदलल्या, एका माणसाच्या वाट्याला किती मेंबर आले, कामाचे तुकडे कसे पाडले गेले, मूळ लेखकाच्या पद्धतीशी त्यांनी कसे जुळवून घेतले, याचे लेखी पुरावे फार थोडे. जे आहेत त्यांतला मोठा भाग त्या आठ रकान्यांत, त्या माथ्यावरच्या टिपणांत आणि सूचीतील त्या ३० बाइटांत आहे. आपल्या प्रदेशातील एका पिढीच्या श्रमांचा हा पुरावा परदेशातील डिस्कांवर पडलेला आहे. मराठी नावांची आद्याक्षरेही त्यांत असणारच.

२२/ आणि तो आता जात आहे. अनेक संस्था आपले मेनफ्रेमवरील प्रोग्राम गिटसारख्या आधुनिक व्यवस्थेत हलवीत आहेत. गिट प्रत्येक बदल मजकुरासह जपते, आयएसपीएफची नोंद तिच्यापुढे अगदीच तोकडी. म्हणून हा बदल पुढच्या काळासाठी उत्तमच आहे. पण मागच्या काळाचे काय? सूचीतील पुष्पिका मजकुराबरोबर आपोआप जात नाही. केवळ आजचा मजकूर आत घेतला तर प्रत्येक ओळीचा कर्ता म्हणून हलवणाऱ्याचे नाव लागते आणि प्रत्येक ओळीची तारीख हलवल्याचा दिवस होते. शेवटचे आठ रकाने ‘अनावश्यक’ म्हणून साफ करण्याचा मोहही असतोच. संपूर्ण इतिहास जपणारे साधन स्वीकारतानाच आधीचा इतिहास पुसला जातो.

२३/ मग करावे काय? तांत्रिक उपाय खर्चिक नाही. हलवण्यापूर्वी प्रत्येक लायब्ररीची सूची, तारखा आणि क्रमांकांसह, साध्या मजकुराच्या रूपात काढून सोबत जतन करावी. ७३ ते ८० रकाने पुसण्याआधी मूळ प्रत बाजूला ठेवावी. माथ्यावरील टिपणे कापू नयेत. हे संस्थांनी करावयाचे काम झाले, आणि ते आग्रहाने मागणे हे पुराभिलेखशास्त्राच्या अभ्यासकांचे काम आहे. कागदी दप्तर हलवताना जुने जावक क्रमांक जपावेत असे आपण म्हणतो. हीदेखील तशीच अपेक्षा आहे.

२४/ आपल्या हाती असलेले काम निराळे आहे. वाय-टू-केच्या वेळी पंचविशीत असलेली माणसे आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांना शिकवणारे वरिष्ठ सत्तरीकडे झुकले आहेत. तुमच्या घरात, शेजारात, सोसायटीत अशी कोणी काकू, मामा वा काका असतील. त्यांच्याकडे कोणत्याही बँकेचा प्रोग्राम मागू नका. तो त्यांच्या मालकीचा नाही आणि गोपनीयतेचे करार आजही लागू असू शकतात. विचारा ते पद्धतीविषयी : खुणा कशा ठरवत? ओळखनाम स्वतःचे असे की सामायिक? जुनी ओळ काढत की तारका घालत? आद्याक्षरे लिहू देत असत का? उत्तरे ध्वनिमुद्रित करा, तारीख घाला, परवानगी लेखी घ्या.

२५/ शेवटी एक विनंती. ‘डिजिटल आहे म्हणजे सारे जपलेलेच आहे’ हा समज आपल्या पिढीत फार खोलवर रुजला आहे. आयएसपीएफची नोंद त्याला उत्तर देते. तिने आपल्याला तारखा दिल्या, आकडे दिले, एक नाव दिले. मजकूर आणि इतर सारी नावे मात्र दिली नाहीत. जेवढे तिने दिले तेवढे तरी सावधपणे वाचावे आणि सांभाळावे, आणि जे दिले नाही ते सांगू शकणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. तुमच्या ओळखीत अशी माणसे असतील, तर त्यांच्या कामाच्या पद्धती या धाग्याखाली जरूर लिहा. मतभेद असतील तर तेही. धागा समाप्त.